जुनी बर्बन सापडली: फोडायची, ठेवायची की विकायची?

खान्देशातल्या घरात जुनं कपाट रिकामं करताना रमची अर्धी बाटली निघाली तर कुणी दचकत नाही. बर्बन, म्हणजे अमेरिकी व्हिस्की, निघाली की मात्र घरात तीन पक्ष पडतात. धरणगावला माझ्या मामांच्या घरी तेच झालं. थोरला मामेभाऊ म्हणाला, राहू दे, जितकी जुनी तितकी भारी. मधल्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या लिलावांचे भाव बघितले आणि त्याचे डोळेच फिरले. धाकटा एरवी कुठल्या वादात पडत नाही, तो एवढंच म्हणाला, "उघाडी टाक ना भो!" मी धाकट्याच्या बाजूचा आहे. पण कपाटात चार बाटल्या होत्या आणि चौघींना एकच न्याय लावून चालत नाही.

या बाटल्या तिथे आल्या कशा, हे आधी विचारा. परदेशी व्हिस्कीच्या आयातीवरचे निर्बंध २००१ मध्ये उठले. त्याआधीची बर्बन गावाकडच्या घरात असेल, तर ती बहुतेक कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असते. आमच्याकडे मामांचे धाकटे बंधू मर्चंट नेव्हीत होते, तेव्हा कोडं सुटलं. घरात असं कुणीच नसेल आणि बाटली 'ओळखीतून' आलेली असेल तर जरा सावध व्हा. परदेशी ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत भलतंच भरून विकणं आपल्याकडे नवं नाही.

आता थोरल्याचा मुद्दा. जुनी होईल तशी भारी होते, हे बर्बनच्या बाबतीत खरं आहे, पण ती लाकडी पिपात असेपर्यंतच. बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली, निदान ५१ टक्के मका असलेली आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिपात मुरवलेली व्हिस्की. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते आणि येताना रंग, व्हॅनिला, जळक्या साखरेची चव घेऊन येते. काचेत हे काहीच होत नाही. आठ वर्षं मुरवून बाटलीत भरलेली बर्बन चाळीस वर्षांनीही आठ वर्षांचीच राहते.

म्हणजे ठेवून फायदा शून्य. तोटा मात्र आहे, आणि आपल्या भागात जास्तच. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उष्णतेने बाटलीतली हवा फुगते आणि बुचाच्या कडेने थोडी वाफ निघून जाते. रात्री आकसते तशी बाहेरची हवा आत येते. दरवर्षी एवढंसंच, पण चाळीस उन्हाळ्यांचा हिशेब मोठा होतो. मामांच्या बाटल्या टिकल्या त्याचं श्रेय जाड मातीच्या भिंतींना आणि धाब्याच्या छताला. तेच कपाट आता नव्या स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला लावायचं चाललंय! ठेवायचंच ठरवलं असेल तर बाटली खालच्या मजल्यावर, अंधारात आणि उभी ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली की कडक दारू बूच खाऊन टाकते.

आता आमच्या चौघी.

पहिली वाइल्ड टर्की १०१, लेबलवर आठ वर्षांचा उल्लेख, सीलबंद. चारांत हीच खरी चीज. नावातलं १०१ म्हणजे प्रूफ, दारूच्या कडकपणाचं माप. जुन्या भारतीय लेबलांवरचं '७५ प्रूफ' म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल, कारण ते माप ब्रिटिश पद्धतीचं. अमेरिकेचं प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, म्हणून १०१ चे ५०.५ टक्के. अमेरिकेतल्या साध्या १०१ वरून हा आठ वर्षांचा उल्लेख १९९० च्या दशकात गेला, त्यामुळे जुन्या बाटलीला मान आहे. दुखणं एकच, तिचं बूच. बाटली उजेडासमोर धरली तर दारू मानेच्या खाली, खांद्याला टेकलेली दिसली. थोडी उडाली आहे, फार नाही. इथून पुढे ती वाढणार नाही, उतरतच जाणार. ही फोडा, आणि चार माणसं जमतील तेव्हाच फोडा.

दुसरी जॅक डॅनियल्स, चौकोनी, लिटरची, ड्युटी-फ्रीची. लेबलवर बर्बन नाही, टेनेसी व्हिस्की लिहिलेलं असतं. पिपात भरण्याआधी ती शुगर मॅपलच्या कोळशातून झिरपवतात, हा तिचा वेगळेपणा. लेबलवर टक्के बघा. १९८७ पर्यंत ही ४५ टक्क्यांची असायची, मग ४३ झाली, आज ४० ची मिळते. मामांकडची ४५ ची निघाली. फिरकीचं झाकण घट्ट आणि पातळी मानेपर्यंत. एखादी बाटली ठेवायचीच असेल तर ही ठेवा. बुचाच्या बाटलीपेक्षा झाकणाची बाटली जास्त दम धरते. तुमची ४० ची निघाली तर विचारसुद्धा करू नका, पिऊन टाका. तशीच नवी दुकानात मिळते.

तिसरी जिम बीम, अर्धी प्यायलेली. कधी उघडली कुणाला आठवत नाही. अर्ध्या बाटलीत अर्धी हवा असते आणि ती चवीचा पार भुगा करते. विषारी होत नाही, नुसती मिळमिळीत होते. वास घेऊन बघा. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर मोरीत ओता.

चौथी नक्षीदार चिनी मातीची सुरई. जिम बीमने १९५० च्या दशकापासून अशा शोभेच्या सुरया भरपूर काढल्या. आतली पातळी दिसत नाही, बूच सुकतं, आणि ग्लेजमधलं (चकचकीत लेपातलं) शिसं वर्षानुवर्षं दारूत उतरू शकतं. घरातल्या बायकांना तिचाच मोह सगळ्यात जास्त पडला, तो बरोबरच. दारू ओता, सुरई शोकेसमध्ये ठेवा.

तुमच्या बाटलीचं वय कळत नसेल तर काही खुणा आहेत. अमेरिकेतल्या दुकानातून घेतलेली असेल तर झाकणावरून कागदी पट्टी आलेली आहे का बघा, ती पद्धत १९८५ मध्ये बंद झाली. हिरवी पट्टी म्हणजे 'बॉटल्ड इन बाँड', १८९७ च्या कायद्याखालची: एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षं मुरलेली, ५० टक्क्यांची. अशी निघाली तर नशीब समजा. मागच्या लेबलवर अमेरिकी सरकारचा आरोग्याचा इशारा असेल तर बाटली १९८९ च्या शेवटची किंवा नंतरची. तळाच्या काचेवर दोन आकडी साल उमटलेलं असतं, बहुतेकदा ते काचेचं साल. लेबलच्या दिमाखापेक्षा मी सील आणि पातळी या दोनच गोष्टींवर निर्णय घेईन.

मधल्याचा लिलाव उरला. केंटकीत २०१८ पासून परवानाधारक दुकानदार लोकांच्या घरातल्या जुन्या बाटल्या कायदेशीरपणे विकत घेऊ शकतात. तिथले भाव तिथले. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, बाटली एक असली तरी आणि घेणारा ओळखीचा असला तरी. इथे एक खास खान्देशी सल्ला: सुरतच्या साडूला भेट म्हणून ताप्ती लाइनच्या गाडीत बाटली टाकू नका. नवापूरच्या स्टेशनवर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि पलीकडे दारूबंदी आहे. प्यायला आपल्याकडेही परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण लागतं, हे भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा.

फोडायची ठरली तर बुचाच्या बाटलीची तयारी करा. एकदा क्षणभर उलटी करून बूच आतून ओलं होऊ द्या, मग बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. वाइल्ड टर्कीचं बूच तरीही मधून तुटलं. खालचा तुकडा कॉर्कस्क्रूने काढला, चुरा आत पडला, आणि सगळी दारू चहाच्या गाळणीवर कापड टाकून गाळली. चवीत काही फरक पडला नाही. पहिला घोट लगेच घेऊ नका, ग्लासात दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. बंद बाटलीचा एक कोंदट वास असतो, तो उडतो आणि मग मागून खारीक, जुनं लाकूड, गूळ असं काहीतरी वर येतं. थोडं पाणी घाला, ५० टक्क्यांना ते लागतंच.

आणि मटण नंतर. काळ्या मसाल्याच्या रश्शाने किंवा शेवभाजीने एकदा जीभ पेटली की वाइल्ड टर्की काय आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली काय, सगळं सारखंच लागतं. आधी नुसते भाजलेले शेंगदाणे पुरेत. राहिलेली दारू मोठ्या बाटलीत हवेबरोबर ठेवू नका, औषधाच्या दुकानातून लहान काचेच्या बाटल्या आणून काठोकाठ भरा आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत संपवा.