रुडेसहाइम की कोखेम? नदी, किल्ला आणि द्राक्षबागा बघायला नेमकं कुठे जायचं

फ्रँकफर्टला राहायला आल्यापासून घरी पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. आई-बाबा येऊन गेले, मग सासू-सासरे, मग पुण्याच्या दोन मैत्रिणी, सगळ्यांना तेच हवं असतं, मोठी नदी, वर किल्ला, लाकडी चौकटींची जुनी घरं, उतारावर द्राक्षं, आणि हाताशी जेमतेम एक नाहीतर दोन दिवस. शोधायला गेलं की ऱ्हाइनवरचं रुडेसहाइम आणि मोझेलवरचं कोखेम ही दोन नावं पुढे येतातच. मी दोन्हीकडे बऱ्याचदा जाऊन आलेय त्यामुळे आधीच सांगून टाकते, फ्रँकफर्टहून सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल तर रुडेसहाइम, डोकं लावू नका. दोन रात्री काढायची तयारी असेल तर मोझेल. मधल्या भानगडी खाली.

रुडेसहाइमला फ्रँकफर्टहून थेट लोकल आहे, सव्वा तासाच्या आत पोचता, विसबाडेन सोडलं की गाडीच्या दिशेने डावीकडे बसा म्हणजे नदी खिडकीतच येते. कोखेमला कोब्लेन्झला गाडी बदलून साधारण अडीच तास, म्हणजे येऊन-जाऊन पाच. पहिल्यांदा मी आई-बाबांना एका दिवसात कोखेम करून आणायचा शहाणपणा केला होता, तिथे पोचून जेवण झालं, किल्ला चढलो, उतरलो, आणि लगेच परतीची गाडी. बाबा म्हणाले, "अगं, किल्ला गाडीतूनच दाखवला असतास तरी चाललं असतं!" तिकिटाचंही बघा, हेसेन राज्याचं एक दिवसाचं तिकीट पाच जणांत मिळून चालतं आणि रुडेसहाइम हेसेनमधेच आहे, कोखेम शेजारच्या राज्यात त्यामुळे तिथे ते चालत नाही. डॉइचलँड तिकीट (देशभरच्या लोकल गाड्यांचं) दोन्हीकडे चालतं पण ते दर महिन्याचं सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. पाहुणे हमखास इथेच अडकतात.

आता गावं. रुडेसहाइम म्हटलं की सगळे ड्रॉसेलगासला धावतात, दीडशे मीटरही लांब नसलेली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाईनची हॉटेलं, बँडवाले, आणि क्रूझवरून उतरलेली अख्खी जत्रा. दहा मिनिटांत एक चक्कर मारा, फोटो काढा, बाहेर पडा. खरी मजा रोपवेत आहे, दोघांपुरत्या उघड्या पाळण्यात बसून तुम्ही द्राक्षबागांच्या अगदी डोक्यावरून वर जाता, खाली वेली, मागे ऱ्हाइन, आणि आवाज जवळजवळ काही नाही. सासूबाई पाळणा बघून आधी नको म्हणाल्या आणि उतरल्यावर परत एकदा जाऊ म्हणाल्या. वर निडरवाल्डचं स्मारक आहे, १८७१ मधे जर्मनी एक झाला त्याच्या आठवणीत १८८३ ला पूर्ण झालेलं, चबुतऱ्यासकट ३८ मीटर उंच. तलवार टेकवून उभी असलेली जर्मानिया, म्हणजे आपल्या भारतमातेसारखं जर्मनीचं स्त्रीरूप, मला काही फार भावत नाही पण तिच्या पायाशी उभं राहून पलीकडे बिंगेनला नाहे नदी ऱ्हाइनला मिळताना दिसते ते बघायला जायचंच. तिथून रानातून चालत पुढे गेलं की दुसरी चेअरलिफ्ट आसमन्सहाउझेनला उतरवते आणि तिथून बोटीने परत रुडेसहाइम, या सगळ्याचं मिळून एकच तिकीट मिळतं, तेच घ्या. वेळ उरला तर गावाच्या वर बागांमधे सेंट हिल्डेगार्डचा मठ आहे. ही बाई १२ व्या शतकातली, गाणी रचायची, झाडपाल्यावर आणि रोगांवर लिहायची, म्हणजे आपल्या आजीबाईच्या बटव्याची तिकडची थोरली आजी म्हणा. आताची मठाची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, नन्स आजही स्वतःची वाईन करतात.

कोखेमचं चित्र मात्र पहिल्या नजरेत रुडेसहाइमला मागे टाकतं, नदीचं वळण, पूल, आणि वर टेकडीवर टोकदार मनोऱ्यांचा राइक्सबुर्ग. पण तो दिसतो तसा मध्ययुगीन नाहीये. फ्रान्सच्या सैन्याने १६८९ ला तो उडवला, पावणेदोनशे वर्षं नुसते अवशेष, मग १८६८ मधे राव्हेने नावाच्या बर्लिनच्या व्यापाऱ्याने विकत घेऊन १८७७ पर्यंत आपल्या हौसेप्रमाणे पुन्हा बांधला. त्यामुळे आत गाईडबरोबर फिरताना हे सगळं शे-दीडशे वर्षांचं आहे हे आधी सांगून ठेवा नाहीतर इतिहासवेडे लोक चिडतात (आमचे सासरे चिडले होते). अस्सल जुना किल्ला बघायचा तर मोझेलकेर्न स्टेशनवर उतरून ओढ्याच्या कडेने सव्वा-दीड तास चालत बुर्ग एल्ट्झ, साडेआठशे वर्षांहून जास्त एकाच घराण्याकडे आणि कधी उद्ध्वस्त न झालेला, पूर्वीच्या ५०० मार्कच्या नोटेवर होता तोच. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना कारने वरच्या पार्किंगपर्यंत नेता येतं, तिथून शटल मिळते. हिवाळ्यात तो बंद असतो हे विसरू नका. आणि कोखेममधेच एक भलतीच गोष्ट आहे, शीतयुद्धाच्या काळात साध्या वस्तीखाली बांधलेला जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा गुप्त बंकर, ज्यात १९६४ पासून १९८८ पर्यंत १५ अब्ज मार्कच्या पर्यायी नोटा ठेवल्या होत्या, शत्रूने खोट्या नोटा ओतून चलन बुडवलं तर रातोरात बदलायला. मुलांना किल्ल्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

वाईन कळत नसली तरी बागांमधला फरक डोळ्यांना दिसतो. ऱ्हाइन उत्तरेकडे चाललेली असते, विसबाडेनला टाउनुस डोंगर आडवा येतो म्हणून ती तीसेक किलोमीटर पश्चिमेकडे वळते आणि त्यामुळे उजव्या काठचा अख्खा उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खात बसतो, तोच ऱ्हाइनगाउ. मोझेल सापासारखी वळते, ऊन मिळणारी बाजू दर वळणाला बदलते, आणि जमीन काळ्या पाटीच्या दगडाची, तो दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. नाशिकच्या सपाट द्राक्षबागा बघितलेल्यांना इथले उतार बघून हे लोक तोडणी कशी करतात असाच प्रश्न पडतो. ब्रेम गावचा काल्मोंट हा बागांचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंतचा, तिथली पायवाट चढताना कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आठवतील. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, नाशिकच्या बरोब्बर उलट.

चवीचं माझं गणित सोपं आहे. दोन्हीकडे रीझलिंगच (पांढऱ्या वाईनचं द्राक्ष), पण ऱ्हाइनगाउची बहुतेक कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आणि जरा भरदार, मोझेलची हलकी, अल्कोहोल कमी, आणि काबिनेट (हलक्या वाईनची एक श्रेणी) लिहिलेली बाटली गोडसर घेतलीत तर कैरीच्या पन्ह्यासारखी आंबट-गोड लागते, पहिल्यांदा पिणाऱ्याला तीच द्या. लेबलवर ट्रोकन म्हणजे कोरडी, एवढं पाठ केलं तरी बास. न पिणाऱ्यांसाठी ट्राउबेनझाफ्ट मागा, द्राक्षाचा रस, सहसा मिळतो आणि चांगला असतो.

रात्रीचं काय ते आता. रुडेसहाइमला नदीकाठची खोली फोटोत सुंदर दिसते पण गाव आणि नदीच्या मधून रेल्वे जाते आणि मालगाड्या रात्रभर धडधडत असतात, आम्हाला तीन वाजता जाग आली ती आलीच. राहायचंच असेल तर वरच्या अंगाला खोली घ्या. कोखेममधे गर्दी संध्याकाळी ओसरते, पण मी आता कोखेममधेही राहत नाही, जवळच्या एखाद्या खेड्यात राहते आणि बसने किंवा बोटीने येते-जाते. बाइलश्टाइन बघा, चिमुकलं गाव, वर पडका किल्ला, आणि दिवसाची माणसं परत गेली की फक्त नदी. अशा खेड्यांत दारावर झाडू किंवा पानांची माळ टांगलेली दिसली तर आत शिरा, ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्याने आपल्याच अंगणात वर्षातले फार तर ४ महिने आणि ४० खुर्च्यांपर्यंत लावलेली खानावळ, वाईन त्याच्या स्वतःच्या बागेतली. हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि मालकीणबाई स्वतः ग्लास आणून देतात.

शाकाहारींचे हाल दोन्हीकडे सारखेच, पण उपाशी राहत नाही. रुडेसहाइमच्या बाजूला श्पुंडेकेस मिळतं, चक्क्यात कांदा आणि पाप्रिका घातल्यासारखं, बरोबर खारे ब्रेट्झेल. मोझेलवर बटाट्याचे पॅनकेक आणि सफरचंदाचा गर, आईने त्याला बटाट्याचं थालीपीठ म्हणून दोनदा मागवलं. कांद्याच्या केकमधे मात्र बहुतेकदा बेकन असतं आणि श्पेट्झल नावाच्या जाड शेवयांमधे अंडं, विचारून घ्या.

सीझन म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबरचा शेवट. नोव्हेंबरनंतर मोझेलवर निम्मी दारं बंद, रुडेसहाइमला निदान ख्रिसमस मार्केट तरी असतं. आणि रुडेसहाइमला गेलात की पलीकडे बिंगेनला पुलावरून चालत जाऊ असं मनात आणू नका, माइन्झ सोडल्यावर कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाहीये, फेरीच पकडावी लागते, आणि शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावरच्या बोर्डावर बघूनच पलीकडे जा.