मंजुरी कोणाकडे जायची, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? अॅप्रूव्हल ग्रुप आपोआप नेमण्याच्या पद्धतींचा तुलनात्मक आढावा

पाच-सात शाखांची नागरी सहकारी बँक असो, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा ईआरपी (कारखान्याचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) असो, की मोठ्या हॉस्पिटलचा आयटी विभाग असो. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात कुठेही चेंज मॅनेजमेंटचं, म्हणजे संगणक यंत्रणेतले बदल मंजुरी घेऊन करण्याचं, सॉफ्टवेअर आलं की थोड्याच दिवसांत एक तक्रार ठरलेली असते: चेंज रिक्वेस्ट भरली, पण मंजुरी भलत्याच माणसाकडे गेली. कोऑर्डिनेटर हाताने मंजुरी देणाऱ्यांचा ग्रुप निवडतो, घाईत यादीतला पहिला दाबतो, आणि ज्याची सिस्टीम बंद पडणार त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. मग मीटिंगमध्ये ठरतं की हे आपोआप व्हायला पाहिजे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. आपोआप म्हणजे नेमकं कशावरून, इथे फाटे फुटतात.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. ‘कोणाला विचारायचं’ हे सर्व्हिसच्या (एटीएम, ईमेल अशा सेवेच्या) मालकावरून ठरवा आणि ‘किती जणांना विचारायचं’ हे एका छोट्या निर्णय-तक्त्यावरून. हे दोन प्रश्न एकाच नियमात कोंबले की वर्षभरात तो नियम कोणालाच वाचता येत नाही. आणि महिन्याला दहा-बाराच चेंज होत असतील तर यातलं काहीच करू नका. एक जबाबदार माणूस आणि भिंतीवर लावलेला एक कागद तेवढ्याला पुरतो.

त्यापेक्षा जास्त काम असेल, तर दोन चेंज समोर ठेवून प्रत्येक पद्धत तपासू. पहिला चेंज: निपाणी शाखेतल्या राउटरचं फर्मवेअर दुसऱ्या शनिवारी रात्री अपडेट करायचं. दुसरा: मुख्य कार्यालयातल्या फायरवॉलवरचा एक नियम बदलायचा, आणि एटीएमची वाहतूक त्याच फायरवॉलमधून जाते. दोन्ही ‘नेटवर्क’चेच. कागदावर जुळे भाऊ.

कॅटेगरीवरून

सगळ्यात सोपी पद्धत. नेटवर्क म्हटलं की नेटवर्कचा ग्रुप, डेटाबेस म्हटलं की डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्यांचा) ग्रुप, ईआरपी म्हटलं की ईआरपीचा. दहा-पंधरा ओळींचा तक्ता एका दुपारी भरून होतो आणि जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो बसवता येतो. निपाणीचा राउटर यात बरोबर जातो.

फायरवॉलचा चेंज मात्र इथेच घसरतो. कॅटेगरी नेटवर्क, म्हणून नेटवर्कवालेच मंजुरी मागणार आणि नेटवर्कवालेच देणार. एटीएम सांभाळणाऱ्या विभागाला पत्ताच नाही. शिवाय कॅटेगरी भरतो रिक्वेस्ट टाकणारा. ‘इतर’ निवडलं की मंजुरी पटकन मिळते, हे एकदा लोकांच्या लक्षात आलं की तुमच्या संस्थेत सगळ्यात जास्त चेंज ‘इतर’मध्ये होऊ लागतात. सुरुवात म्हणून ही पद्धत ठीक आहे. मुक्काम करण्याजोगी नाही.

सीआयवरून

यात प्रत्येक कॉन्फिगरेशन आयटमवर (सीआय), म्हणजे राउटर, सर्व्हर, डेटाबेस यांच्या नोंदीवरच, मंजुरीचा ग्रुप लिहिलेला असतो. चेंजमध्ये सीआय निवडला की ग्रुप उचलला जातो. सर्व्हिसनाऊ या सॉफ्टवेअरमध्ये सीआयच्या नोंदीत सपोर्ट ग्रुप, चेंज ग्रुप आणि अॅप्रूव्हल ग्रुप अशा वेगवेगळ्या जागाच दिलेल्या आहेत, म्हणजे दुरुस्ती करणारे कोण आणि होकार देणारे कोण हे वेगळं ठेवता येतं. अनेक ठिकाणी या तिन्ही जागांत एकच ग्रुप चिकटवलेला दिसतो. तसं करायचं असेल तर कॅटेगरीचा तक्ताच बरा, निदान स्वस्त तरी पडतो.

ऐकायला ही पद्धत सगळ्यात शिस्तीची वाटते, आणि विक्रेते डेमोत हीच दाखवतात. पण हिचा सगळा भार सीएमडीबी, म्हणजे सगळ्या सीआयच्या नोंदींची यादी, ताजी ठेवण्यावर आहे. चिकोडी शाखेत बंद पडलेला स्विच काढून एजन्सीच्या माणसाने दुसरा बसवला, त्याची नोंद कोण करणार? सर्व्हर व्हर्च्युअल झाले, काही क्लाउडवर गेले, की शेकडो नोंदींचे मालक बदलतात. ज्या संस्थेत त्यासाठी वेगळा माणूस नाही, तिथे वर्ष-दीड वर्षात निम्मे सीआय नोकरी सोडून गेलेल्यांच्या ग्रुपकडे बोट दाखवत बसतात.

आणि एवढं करून आपला फायरवॉल? त्या सीआयचा मालक नेटवर्कचाच ग्रुप असणार. रचना शिस्तीची, उत्तर तेच चुकीचं.

सर्व्हिसवरून

मशीन कोणाचं आहे यापेक्षा बंद पडल्यावर ओरड कोणाची येणार, हा प्रश्न मंजुरीसाठी खरा. एटीएम बंद पडलं तर ग्राहक शाखेत येऊन भांडतात, तेव्हा काउंटरवर ऑपरेशन्सची माणसं असतात, नेटवर्कवाला नसतो. म्हणून मालकी सर्व्हिसवर लिहायची: कोअर बँकिंग, एटीएम, चेक क्लिअरिंग, शाखा-जोडणी, पगारपत्रक, ईमेल. मध्यम संस्थेत अशा सर्व्हिस वीस-पंचवीसच्या वर सहसा जात नाहीत. शेकडो सीआयपेक्षा वीस ओळी सांभाळणं कोणालाही जमतं. सहा महिन्यांतून एकदा सगळ्या विभागप्रमुखांसमोर ती यादी वाचली तरी पुरे.

दोन्ही चेंज आता चालवून बघा. राउटरच्या चेंजमध्ये सर्व्हिस ‘शाखा-जोडणी’, ग्रुप नेटवर्कचा, शाखाधिकाऱ्याला फक्त सूचना. फायरवॉलच्या चेंजमध्ये सर्व्हिस ‘एटीएम’, म्हणून मंजुरी ऑपरेशन्सकडे. जुळे भाऊ इथे वेगळे होतात.

मेख एकच: सर्व्हिस निवडायची कोणी? रिक्वेस्ट टाकणाऱ्यावर सोडलं तर कॅटेगरीचंच दुखणं परत आलं. सीआय आणि सर्व्हिस यांची जोडणी नोंदवलेली असेल तर सॉफ्टवेअर स्वतः सर्व्हिस काढू शकतं. पण ती जोडणी सगळ्या सीआयसाठी करायला जाऊ नका. फायरवॉल, कोअर स्विच, मुख्य डेटाबेस, स्टोरेज अशी ज्यांच्यावर एकाहून जास्त सर्व्हिस उभ्या आहेत तेवढीच मशिनं जोडा. बाकीच्यांना हाताने निवड चालते.

इथे उलट्या बाजूची एक अडचण येते. कोअर स्विचवर सगळ्याच सर्व्हिस उभ्या असतात. प्रत्येकीच्या मालकाला विचारायचं ठरवलं तर एका केबलसाठी चौदा विभागांची मंजुरी लागेल, आणि चौदापैकी बहुतेक जण न वाचता होकार दाबतील. २०१९ च्या स्टेट ऑफ डेव्हऑप्स अहवालात या जड मंजुऱ्यांबद्दल दोन निष्कर्ष आहेत. अशी प्रक्रिया असलेल्या संस्था कमी कामगिरीच्या गटात असण्याची शक्यता २.६ पट, आणि औपचारिकता वाढवली म्हणून फसलेले बदल कमी झाल्याचा पुरावा नाही. तो अहवाल सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा आहे, सहकारी बँकांचा नाही, हे खरं. पण चौदा सह्यांचा कागद आपण कोणी पाहिलेला नाही असंही नाही. माझ्या मते मंजुरी फक्त सर्वात महत्त्वाच्या एका सर्व्हिसच्या मालकाची घ्यावी, बाकीच्यांना माहिती द्यावी आणि हरकत घ्यायला एक दिवस ठेवावा.

जोखमीच्या तक्त्यावरून

‘किती विचारायचं’ हे इथे ठरतं. आयटिल या आयटी सेवांच्या कार्यपद्धतीतले स्टँडर्ड (नेहमीचे, ठरलेले), नॉर्मल आणि इमर्जन्सी हे बदलांचे तीन प्रकार सगळ्यांना पाठ असतात. २०१९ मध्ये आलेल्या आयटिल ४ ने या कामाला चेंज इनेबलमेंट म्हटलं आणि चेंज अथॉरिटीवर भर दिला. म्हणजे प्रत्येक बदल एकाच कॅबसमोर (बदल तपासणाऱ्या सल्लागार समितीसमोर) नेण्याऐवजी त्या-त्या प्रकाराला शोभेल असा मंजुरी देणारा असावा. निर्णय-तक्ता म्हणजे हेच, सॉफ्टवेअरला समजेल अशा ओळींत. स्टँडर्ड असेल तर मंजुरी आधीच दिलेली. नॉर्मल आणि कमी जोखीम असेल तर फक्त सर्व्हिसचा मालक. जोखीम जास्त असेल तर मालक आणि कॅब. इमर्जन्सी असेल तर दोन-तीन जणांचा तातडीचा ग्रुप, आणि कागदपत्रं नंतर.

आपल्या भागासाठी यात तारखांचा एक रकाना हवाच. दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी, ही व्यवस्था १ सप्टेंबर २०१५ पासूनची, म्हणून मोठी कामं त्याच रात्रींना लागतात. अनंत चतुर्दशीची बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री इंजिनिअर सर्व्हर रूमपर्यंत पोचायचा कसा? १ नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळ्या दिनाला, शहरात काय असतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको. सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बंदोबस्त आणि मोर्चे. अशा तारखांना टाकलेला नॉर्मल चेंज आपोआप एक पायरी वर, कॅबकडे गेला पाहिजे. शाखा कोल्हापूर जिल्ह्यातही असतील तर तिकडच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर वेगळं ठेवा, दोन राज्यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत.

तक्ता वीस ओळींच्या आत ठेवा. ‘अमुक साहेब रजेवर असतील तर तमुक’ असल्या ओळी त्यात घालू नका, त्यासाठी डेलिगेशनची (आपला अधिकार तात्पुरता दुसऱ्याला देण्याची) सोय असते. जांबोटीच्या पुढे रेंज गेली म्हणून नियम बदलायचा नसतो.

स्क्रिप्ट लिहून सगळं करता येतं, हे पाचवं उत्तर. येतं. पण ती लिहिणारा मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणार, आणि मागे राहतील त्या चारशे ओळी, ज्यांना हात लावायला कोणी धजावत नाही. तक्त्यात मावत नाही एवढ्याचपुरती स्क्रिप्ट वापरा.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय जमतं

सर्व्हिसनाऊमध्ये चेंज अॅप्रूव्हल पॉलिसी म्हणजे हा निर्णय-तक्ताच आहे, कोड न लिहिता भरता येतो. ग्रुपपैकी कोणीही एकाने, सगळ्यांनी, ठरावीक संख्येने की ठरावीक टक्क्यांनी होकार द्यायचा, हेही फ्लोमध्ये निवडता येतं. ताकद भरपूर. पण ते चालवायला जाणकार अॅडमिन लागतो, आणि वीस माणसांच्या आयटी विभागाला ते सहसा झेपत नाही.

जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये मंजुरी वर्कफ्लोच्या एखाद्या स्टेटसला बांधलेली असते, आणि अॅप्रूव्हर्सच्या फील्डमध्ये जो असेल त्याच्याकडे ती जाते. म्हणजे ऑटोमेशन याचा अर्थ ते फील्ड नियमाने भरणं, एवढाच. सर्व्हिसच्या नोंदीवर चेंज अॅप्रूव्हर लिहिण्याची सोय असल्याने वर सांगितलेली पद्धत तिथे सहज बसते. जिराची सर्व्हर आवृत्ती १५ फेब्रुवारी २०२४ ला आधाराबाहेर गेली, तेव्हा लहान संस्थेने क्लाउड धरूनच हिशेब करावा. ‘डेटा आमच्याच इमारतीत हवा’ म्हणणाऱ्या संचालक मंडळाला ते पचत नाही.

त्यांच्यासाठी चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन सर्व्हिसडेस्क प्लस. ते स्वतःच्या सर्व्हरवरही बसतं. त्यात सबमिशनपासून क्लोजरपर्यंत टप्पे असतात आणि चेंज ओनर, चेंज मॅनेजर, अॅप्रूव्हर असे रोल टप्प्याटप्प्याने नेमता येतात. चेंज मॅनेजमेंट मिळतं ते एंटरप्राइज आवृत्तीत, हे भाव विचारतानाच स्पष्ट करून घ्या. आपल्याकडच्या मध्यम बँकेला आणि कारखान्याला मी आधी हेच बघायला सांगेन.

घेण्याआधी कोपरे तपासा

डेमो नेहमी सरळ रस्त्याने जातो. विक्रेत्याला मुद्दाम एक रिकामा ग्रुप बनवायला सांगा आणि त्याच्याकडे मंजुरी पाठवा. काही रचनांमध्ये चेंज अडकून पडतो, काहींमध्ये विचारायला कोणीच नाही म्हणून पायरी वगळून पुढे सरकतो. दुसरा प्रकार बँकेला परवडणारा नाही. ग्रुप सापडलाच नाही तर चेंज मॅनेजरकडे जाईल, असा एक शेवटचा नियम असलाच पाहिजे.

मग रिक्वेस्ट टाकणाऱ्यालाच ग्रुपमध्ये घालून बघा. स्वतःच्या चेंजला स्वतः होकार देता येतो का? रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट आणल्यापासून ऑडिटर असल्या गोष्टी बारकाईने बघतात. एजन्सीची माणसं मंजुरीच्या ग्रुपमध्ये आहेत का, हेही त्याच वेळी बघा. काम करणाऱ्यानेच होकार द्यायचा प्रकार तिथूनच शिरतो. मंजुरी मिळाल्यावर सर्व्हिस, तारीख किंवा जोखीम बदलली तर जुनी मंजुरी रद्द होते की तशीच राहते, हे पण विचारा. निपाणीच्या राउटरवर मंजुरी घेऊन नंतर सीआयच्या जागी फायरवॉल टाकणारे हुशार सगळीकडे असतात.

सुरू करताना एकदम स्वयंचलित करू नका. एक-दोन महिने कोऑर्डिनेटर नेहमीसारखा हाताने ग्रुप निवडू दे. सॉफ्टवेअर स्वतःचं उत्तर वेगळ्या फील्डमध्ये लिहू दे, मंजुरी मात्र हाताच्या निवडीने चालू दे. आठवड्याला दोन्ही उत्तरं शेजारी लावा आणि न जुळलेल्या ओळी सर्व्हिसच्या मालकाला दाखवा. कधी नियम चुकलेला निघेल, कधी कोऑर्डिनेटर, आणि कधी असं निघेल की त्या सर्व्हिसला मालकच नाही. तिसऱ्या प्रकारच्या ओळींवर मालक ठरेपर्यंत त्या सर्व्हिसचं ऑटोमेशन बंद ठेवा, बाकीच्यांचं एकेक करून चालू करत जा.