लहान घरात लाकडाचा स्टोव्ह: आख्खा हिवाळा वापरल्यानंतर

पाच महिने झाले स्टोव्ह बसवून. थंडी आता सरत आलीये, म्हणून निवांत लिहायला बसलोय. बसवायच्या आधी मी जे काय वाचलं होतं त्यातलं बरंचसं पहिल्या आठवड्यातलं कौतुक होतं, जाळ किती छान दिसतो, घर कसं उबदार वाटतं वगैरे, आणि ते सगळं खरंच आहे पण पहिल्या आठवड्यात या वस्तूबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. कळायला लागतं दुसऱ्या महिन्यात, काच काळी पडायला लागते आणि धुराडं उघडून बघायची वेळ येते तेव्हा.

आमचं घर छोटं आहे. एक मोठी खोली, त्यातच स्वयंपाकाचा ओटा, मागे झोपायची खोली आणि बाथरूम. माणसं तीन, मी, बायको आणि आई. आईला धूर अजिबात सहन होत नाही, त्यामुळे घरात धूर येणार असेल तर स्टोव्ह नकोच असं आधीच ठरलेलं होतं. आता पाच महिन्यांनी माझं मत विचाराल तर मॉडेल कुठलं, रंग कुठला, ओतीव लोखंडाचा की पत्र्याचा यावर लोक (मी पण) जेवढं डोकं घालवतात त्याच्या निम्मं जरी धुराड्यावर आणि सरपणावर घालवलं तरी पुरे. आमचा स्टोव्ह पहिल्या दिवसापासून तोच आहे, पण त्याच स्टोव्हने आधी दोन महिने आम्हाला रडवलं आणि नंतरचे तीन महिने घर मस्त गरम ठेवलं.

आधी साइजचं सांगतो, कारण इथे चूक होता होता राहिली. मला ८ किलोवॅटचा घ्यायचा होता, मोठा घेतलेला बरा, लागेल तेवढाच पेटवू असा विचार. हे चुकीचं आहे. मोठा स्टोव्ह छोट्या खोलीत अर्ध्या तासात असह्य करतो, मग माणूस स्टोव्हला मिळणारी हवा बंद करून जाळ दाबतो, दाबलेला जाळ धुमसतो आणि धुमसला की सगळी काजळी आणि डांबर धुराड्यात. ढोबळ हिशोब असा आहे की खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि १४ ने भागायचं, घर मध्यम प्रतीचं इन्सुलेटेड असेल तर येईल तेवढे किलोवॅट. आमची मोठी खोली ७० घनमीटरच्या आसपास, म्हणजे ५. तोच घेतला आणि कडाक्याच्या आठवड्यातही तो कमी पडला नाही.

आता धुराडं. ज्याने पहिल्यांदा बसवलं त्याने छताला भोक पाडायचा त्रास नको म्हणून पाईप मागच्या भिंतीतून ९० अंशाच्या एल्बोने बाहेर काढला आणि बाहेरच्या बाजूने साधा सिंगल पाईप वर नेला. दिसायला नीटनेटकं होतं. पण धुराड्याला ओढ लागते ती आतल्या गरम हवेमुळे, गरम हवा हलकी, ती वर जाते आणि मागून हवा ओढून घेते. बाहेर थंडीत उभा असलेला पातळ पाईप धुराला वर पोचायच्या आतच गार करतो, त्यात तो काटकोनी वळसा, त्यामुळे पेटवताना दर वेळी तोंडावर धूर. स्टोव्हचं दार उघडलं की धूर. आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची आणि मला फार वाईट वाटायचं, कारण तिलाच जास्त थंडी वाजते म्हणून तर हा सगळा खटाटोप केला होता.

शेवटी ते सगळं काढून टाकलं आणि दुसऱ्या माणसाकडून सरळ वर, छतातून, डबल भिंतीचा इन्सुलेटेड पाईप घातला. आतला व्यास १५० मिलिमीटर, आमच्या स्टोव्हच्या तोंडाएवढाच, तो मध्ये कुठे कमी करायचा नाही. छतातून जाताना लाकडापासून किती अंतर सोडायचं ते पाईपवाल्या कंपनीने लिहून दिलेलं असतं, त्यात एक सेंटीमीटरसुद्धा तडजोड नको आणि ती पोकळी कशाने भरायचीही नाही. छताच्या वर किती काढायचं त्याला एक सोपा नियम आहे, छताला जिथे भोक आहे तिथून कमीत कमी ३ फूट वर, आणि आजूबाजूच्या १० फुटात जे काय उंच असेल (छताचा कणा, म्हणजे सगळ्यात उंच कड, धरून) त्याच्याही २ फूट वर. आमचं पहिलं धुराडं कण्याच्या खालीच होतं, त्यामुळे वारा सुटला की धूर उलटा यायचा, हे मला नंतर कळलं. अजून एक बारीक गोष्ट, स्टोव्हच्या लगेच वरचे पाईप जोडताना वरच्या पाईपाचं टोक खालच्या पाईपाच्या आत गेलं पाहिजे. उलटं दिसतं पण बरोबर आहे, कारण आत डांबर पाझरलं तर ते आतल्या आत खाली येऊन जळतं, बाहेर ओघळत नाही.

नवीन धुराड्यावर पहिल्यांदा पेटवला त्या संध्याकाळी दार उघडलं तरी धूर आत आला नाही, जाळ सरळ वर ओढला जात होता आणि आई खुर्ची घेऊन समोर येऊन बसली. त्या दिवसासाठी आधीचा सगळा त्रास माफ.

पण काच अजूनही काळी पडतच होती! म्हटलं आता काय. तर सरपण. "वाळलेलं" म्हणून विकत घेतलेलं लाकूड होतं, बाहेरून खडखडीत, टोकांना चिरा पडलेल्या. मग ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं, आणि ते ओंडक्याच्या टोकाला लावायचं नसतं, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला लावायचं असतं. टोकाला १८ टक्के, आत ३४. पाहिजे २० च्या खाली. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि ते पाणी आधी वाफ करून घालवायचं म्हणजे तुमचीच उष्णता त्यात खर्च होते. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात विजेच्या साधारण ४ युनिटांएवढी उष्णता असते, ओल्यात जवळजवळ निम्मी, आणि वर धूर, काजळी, काळी काच फुकट. आम्ही दोन महिने पाणी उकळत होतो आणि स्टोव्ह गरम होत नाही म्हणून स्टोव्हला दोष देत होतो.

तेव्हा धुराडं उघडून बघितलं तर आत चकचकीत काळा थर, डांबरासारखा, ब्रशने निघता निघत नव्हता. हाच थर पेटतो आणि धुराड्यात आग लागते, ती आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते, विमानासारखा आवाज होतो म्हणतात. तो थर बघून मी दोन रात्री नीट झोपलो नाही. साफ करून घेतलं, खरोखर वाळलेलं सरपण शोधून मीटर लावून घेतलं, आणि सहा आठवड्यांनी परत उघडलं तर वाटीभर तपकिरी भुकटी, ब्रश फिरवला की खाली. एवढा फरक, स्टोव्ह तोच. थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायचंच, आणि वापर असो नसो वर्षातून एकदा तरी.

पेटवायची पद्धतही बदलली. आधी कागद खाली, काटक्या वर, त्यावर ओंडके अशी रचायचो. आता उलटं करतो, मोठी फोडलेली लाकडं खाली, त्यावर मध्यम, सगळ्यात वर बारीक काड्या आणि पेटवायचं वरून. पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण जाळ हळूहळू खाली उतरतो, वरचं धुराडं आधी गरम होतं आणि खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या जाळातून जाताना जळून जातो, त्यामुळे धूर जवळजवळ नाहीच. पहिली १५-२० मिनिटं हवा पूर्ण उघडी, मग हळूहळू कमी. पाईपला चिकटवायचा थर्मामीटर घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो, साधी वस्तू आहे. १२० अंशांच्या खाली असेल तर काजळी धरतेय, २५० च्या वर तर जास्त तापतोय, मधे ठेवायचं. (हे साध्या सिंगल पाईपवर, डबल भिंतीच्या पाईपावर बाहेरून कळत नाही.) नंतर निखारे लालबुंद असताना एक-दोन तुकडे टाकत राहायचं, एकदम ठासून भरायचं नाही, आणि दार उघडताना आधी बोटभर फट करून दोन सेकंद थांबायचं, मग पूर्ण. झटक्यात उघडलं की धूर बाहेर येतोच.

रात्रभर चालेल असं सांगून विकतात ना, आमच्या साइजच्या स्टोव्हमध्ये ते होत नाही. भरून, हवा बंद करून झोपलं की सकाळी काळी काच आणि धुराड्यात डांबर. आम्ही रात्री नीट जाळून विझू देतो. संध्याकाळी २१ अंश असतं, सकाळी १५ पर्यंत खाली येतं, आणि सकाळी उठून थंड घरात पेटवायला लागतं हे खरंय. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर दुसरी काहीतरी सोय हवी, नुसत्या स्टोव्हवर राहू नका.

मागची खोली हा दुसरा त्रास. मोठ्या खोलीत २२ आणि मागे १६. दारात पंखा लावून गरम हवा आत ढकलायचा प्रयत्न केला, काही उपयोग नाही. मग उलटं केलं, छोटा पंखा मागच्या खोलीत जमिनीवर ठेवला, तोंड स्टोव्हकडे. तो गार हवा खालून बाहेर ढकलतो आणि तिच्या जागी दाराच्या वरच्या भागातून गरम हवा आपोआप आत येते. तीन अंशांचा फरक पडला, खरंच.

आता सुरक्षेचं, आणि हे कृपा करून वगळू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या आधी आणा. त्या वायूला वास नाही, रंग नाही. आमचा एकदा वाजला. बाहेर जरा उबदार ढगाळ दिवस, त्यामुळे ओढ आधीच कमी, आत नुसते निखारे, मी हवा जास्तच कमी केलेली आणि बायकोने ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन चालू केला. फॅनने घरातली हवा बाहेर फेकली आणि ती भरून काढायला धुराड्यातून उलटी हवा आत आली. धूर दिसलाच नाही, निखाऱ्यांना धूर नसतो, पण अलार्म वाजला. फॅन बंद, दारं खिडक्या उघडल्या, तिघं बाहेर. कोणाला काही झालं नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. नंतर स्टोव्हला थेट बाहेरची हवा देणारा १०० मिलिमीटरचा पाईप जोडून घेतला, आणि स्टोव्ह पेटलेला असताना एक्झॉस्ट लावायचा तर खिडकी उघडायची हा घरचा नियम. घर जेवढं छोटं आणि घट्ट बंद, तेवढं हे जास्त महत्त्वाचं.

राखेचं पण तसंच. राख गार दिसते पण आत निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात, म्हणून झाकणाची लोखंडी बादली, ती घराबाहेर, लाकडापासून लांब. प्लास्टिकच्या डब्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत कधीच नाही. सगळी राख काढायची पण नसते, तळाला दोन-तीन सेंटीमीटर ठेवली की निखारे चांगले टिकतात. काच पुसायला ओला कागद त्याच बारीक राखेत बुडवून फिरवतो, वेगळं लिक्विड लागत नाही.

काम किती वाढलं? सरपण आणणं, फोडणं, रचणं, राख, काच, झाडू, रोजची अर्धा-पाऊण तास मेहनत धरा. थंडीच्या दिवसात रोज साधारण १० किलो लाकूड गेलं, म्हणजे मोसमात दीड टनाच्या आसपास, रचून ठेवलं तर साडेतीन घनमीटर. छोट्या घराला एवढी कोरडी जागा कुठून आणायची याचा विचार स्टोव्हच्या आधी करा, आम्ही नंतर केला. दाट वस्तीत राहत असाल, शेजाऱ्याची खिडकी तुमच्या धुराड्याच्या तोंडाशी असेल किंवा घरात कोणाला दमा असेल तर मी स्वतः सांगेन घेऊ नका. कितीही चांगलं जाळलं तरी बारीक कण बाहेर जातातच.

आमच्याकडे तसं नाही आणि आम्ही खूश आहोत. लाइट गेली त्या रात्री घरात ऊब होती, वर ठेवलेल्या किटलीत पाणी गरम होतं आणि आई म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचे पाय रात्री गार पडले नाहीत.

आता उरलेली कामं: स्टोव्हच्या दाराच्या कडेने हवा अडवणारी दोरी बदलायचीये, दारात कागदाची पट्टी धरून बंद केलं तर एका कोपऱ्यात ती सहज निसटतेय म्हणजे तिथून हवा घुसतेय. आणि पुढच्या हिवाळ्याचं सरपण फोडून, वरून झाकून, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून रचलंय. ओलाव्याच्या मीटरचं कालचं रीडिंग २९.