ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंगची ‘जागा’ विकत घेतली आणि फसलो

चौघांचे मिळून ७,२०० डॉलर गेले. आधी आकडाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गंमत म्हणून वाचणार नाही.

आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. पुतण्याला कुणाच्या तरी ओळखीतून एक मराठी माणूस भेटला. त्याला म्हणे ग्रँड कॅन्यनमधून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीचं खासगी परमिट, म्हणजे कंपनीशिवाय आपला आपण गट घेऊन राफ्टने उतरायची परवानगी, लागलं होतं. लीज फेरीच्या धक्क्यावरून निघून डायमंड क्रीकला बाहेर पडायचं, २२६ मैल, १८ दिवस, एप्रिलमध्ये. चार जण गळाले म्हणून चार जागा रिकाम्या, माणशी १,८०० डॉलर. कंपनीतर्फे जायचं तर याहून बरेच जास्त पडतात. पैसे त्याने फोनवरच्या अ‍ॅपने मागवले, आम्ही त्याच रात्री पाठवले.

व्हिडिओ कॉलवर बायकोने बायकांना सुचतो तोच प्रश्न विचारला: संडासाचं काय? तो हसला. “वहिनी, जंगल आहे ते. खडकामागे जायचं!” आम्हीही हसलो. वहिनी म्हटलं की आपण विरघळतोच.

खरं तर तिथेच त्याचं पितळ उघडं पडलं होतं, पण पारखायला आम्हाला माहिती कुठे होती? त्या दरीत खडकामागे कुणीही जात नाही. मैला घट्ट झाकणाच्या पेटीत भरून शेवटपर्यंत राफ्टवरून न्यावा लागतो. पूर्वी यासाठी बंदुकीच्या गोळ्यांचे लोखंडी डबे वापरत. त्यावर बसलं की कडांचे दोन वळ उठायचे, म्हणून त्या पेटीचं नावच ‘ग्रूव्हर’ (इंग्रजीत ‘ग्रूव्ह’ म्हणजे खाच). लघवी मात्र थेट नदीत करायची, वाळूत नाही. (आमच्या आईला हे सांगितलं तर नदी-आई वगैरे दोन तास ऐकावं लागेल.) कारण साधं आहे. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणात गाळ अडकतो, नवी वाळू फारशी येत नाही. उरलेल्या मोजक्या वाळूच्या पट्ट्यांवर वर्षभर मुक्काम पडतात आणि त्या कोरड्या हवेत घाण लवकर जिरत नाही. भांडी धुतलेलं पाणी गाळून नदीत ओतायचं, चोथा सोबत न्यायचा. आग फक्त लोखंडी परातीत, आणि राखही परत आणायची. जो माणूस खरंच ही नदी उतरलाय तो ग्रूव्हरबद्दल न विचारता अर्धा तास बोलतो. नंतर असे दोघे-तिघे भेटले, म्हणून सांगतो.

ठरल्या दिवशी साडेचार तास गाडी हाणून लीज फेरीला पोहोचलो. त्याचा फोन बंद. धक्क्यावर एक गट राफ्ट बांधत होता, तोच आपला समजून मी चक्क सामान उतरवायला लागलो. रेंजरबाई एकेकाचं फोटो ओळखपत्र यादीशी ताडून पाहत होत्या. आमच्याकडचा परमिटचा कागद त्यांनी पाहिला, मग यादी पाहिली, मग आमच्याकडे. त्या नंबरचं परमिट त्या दिवशी नव्हतंच.

त्यांनी जे सांगितलं ते आधी दहा मिनिटं वाचलं असतं तरी पुरलं असतं. खासगी परमिट सोडतीने मिळतं. मुख्य सोडत दर फेब्रुवारीत, पुढच्या वर्षासाठी. २००६ पर्यंत प्रतीक्षायादी होती आणि लोक वर्षानुवर्षं थांबायचे. परमिट विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. सहलीचा प्रमुख गळाला तर अर्जात आधीच नोंदवलेला पर्यायी प्रमुखच त्याची जागा घेऊ शकतो. खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, कुणी एक पैसा नफा काढायचा नाही. म्हणजे ‘माणशी इतके’ असा ठोक भाव सांगून जागा विकणारा माणूस खोटारडा तरी असतो, नाहीतर नियम मोडणारा. आणि शंका असेल तर ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कच्या नदी परमिट कार्यालयाला एक फोन करायचा. तो आम्ही केला नाही.

बँक म्हणाली, तुम्ही स्वतःहून पाठवलेत. एफबीआयच्या ऑनलाइन कक्षाकडे तक्रार टाकली आहे, पैशांची आशा नाही.

त्या दुपारी आम्ही काठावर बसून त्या गटाला निघताना पाहिलं. पाण्यात पाय घातले तर मिनिटभरात बधिर झाले, धरणाच्या खोल पाण्यातून येतं ते. निघताना त्यांच्यातली एक मुलगी वाकून वाळूतली बाटलीची झाकणं वेचत होती, बहुतेक दुसऱ्याच कुणाची.

यंदा फेब्रुवारीत मी रीतसर अर्ज भरलाय. पर्यायी प्रमुख म्हणून बायकोचं नाव टाकलंय. पुतण्याचं नाही.