हृदयाची जीन टेस्ट घरपोच: किट चोख, रिपोर्ट बरा, सोबतच्या पुड्या नकोत

भाच्याने पुण्याहून त्याच्या वडिलांसाठी, म्हणजे आमच्या भावजींसाठी, हृदयाच्या जनुकांची तपासणी मागवली. थुंकीचा नमुना, मोबाइलवर रिपोर्ट, आहारतज्ज्ञाचा एक कॉल आणि ‘तुमच्या जीननुसार’ महिनाभराच्या पुड्या, असं साडेआठ हजारांचं पॅकेज. भावजींना अटॅक येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय. सांगलीत आमचं मेडिकल आहे, त्यामुळे घरातला कुठलाही रिपोर्ट आधी माझ्या काउंटरवर येतो. हाही आला. कंपनीचं नाव घेत नाही, मालाबद्दल बोलते.

किटला नावं ठेवायला जागा नाही. नळीवर रेघ आहे, तिथपर्यंत थुंकी हवी आणि वरचा फेस त्यात धरायचा नाही. आधी अर्धा तास चहासुद्धा बंद. शुगरवाल्यांचं तोंड कोरडं पडतं, त्यामुळे भावजींची रेघ काही केल्या गाठेना. शेवटी ताईने समोर लिंबाचं लोणचं धरलं, नुसतं बघायला, तेव्हा काम झालं. सूचनांचं मराठी वाचता येण्यासारखं होतं, कुरिअरवालाही सांगितलेल्या वेळी आला.

आता रिपोर्ट. भावजी घाबरले ते ‘एनओएस३’च्या पानावर. अख्खं पान लाल आणि वर ‘रक्तवाहिन्यांना धोका’. जनुक खरंच महत्त्वाचं आहे. सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकावरून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातलं एक एन्झाइम बनतं. ते अर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूपर्यंत पोचून त्याला सैल करतो, वाहिनी रुंदावते, रक्त मोकळं वाहतं. १९८० साली रॉबर्ट फर्शगॉट यांनी सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं, की अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिन या रसायनाने धमनी सैलावते. अस्तर खरवडलं की नाही. अस्तरातून सुटणारी ती गोष्ट म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं आणि १९९८ला फर्शगॉट, इग्नारो, मुराद यांना नोबेल मिळालं. भावजींच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते ना, तीही शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडच देते. या एन्झाइमला वळसा घालून. ते ऐकल्यावर भावजींचा चेहरा जरा उतरायचा थांबला.

मग लाल कशासाठी? भावजींच्या या जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीमुळे एन्झाइमच्या साखळीत २९८व्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी अस्पार्टेट येतं, एवढंच. हा बदल अजिबात दुर्मीळ नाही, धडधाकट माणसांतही सर्रास सापडतो. एकट्या त्याच्यावरून कुणाला अटॅक येईल हे सांगता येत नाही. आणि ज्याला येऊन गेलाय त्याला हे पान नवीन काय सांगणार? त्याची औषधं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल बघून ठरलेली आहेत, जीन लाल असो की हिरवं.

सल्ल्यांत दोन चांगले आहेत. चाला, कारण रक्त वेगाने वाहताना भिंतीवर जे घर्षण होतं त्याने हे एन्झाइम जोमाने काम करतं. दुसरा बिटाचा. पण तिथे कारण चुकीचं छापलंय. बिटातल्या नायट्रेटचं तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड मिळतं. एनओएस३चा त्यात हातच नाही. (जंतुनाशक माउथवॉशने दिवसभर गुळण्या करणाऱ्यांनी हे वाचावं. ते जिवाणू आधी मरतात.)

माझा खरा राग पुड्यांवर आहे. एल-अर्जिनिन, म्हणजे वरचंच अर्जिनिन, रोज तीन. आमच्या दुकानातून अर्जिनिनचे सॅशे बहुतेक गरोदर बायकांना जातात, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ‘कच्चा माल जास्त दिला की माल जास्त निघेल’ हा हिशोब इथे बसत नाही. पेशीत अर्जिनिन सहसा पुरेसं असतं. कमी पडतो तो एन्झाइमचा जोडीदार, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. तो नसला की हेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड सोडून सुपरऑक्साइड हा अपायकारक रेणू बनवायला लागतं, म्हणजे उलटंच. अमेरिकेत नुकताच अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर याची चाचणी झाली, २००६ला ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोज ९ ग्रॅमपर्यंत अर्जिनिन. वाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, अर्जिनिनच्या गटात ६ जण गेले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. आकडे लहान आहेत, मान्य. पण अटॅक झालेल्या माणसाला घरपोच पाठवायची ही वस्तू नव्हे.

आणि कंपनीच्या फॉर्मवर झोप, योगासनं, उपवास, दूध गाईचं की म्हशीचं, सगळं विचारलंय. अटॅक येऊन गेलाय का, कुठली औषधं चालू आहेत, हे कुठेच नाही. आहारतज्ज्ञ बाईंना मी फोनवर तेच विचारलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, नॅचरल आहे, काही होत नाही.” पलीकडून भावजी, “अगं, मग घेऊ का एखादी?” मी डबा उचलून काउंटरच्या आत ठेवला.

तिशीतल्या हौशी माणसाने घेतली तर माझी ना नाही, वाचायला मजा येईल. घरात हृदयाचा पेशंट असेल तर त्याच पैशात बीपीचं चांगलं मशीन येतं, वर बरेच उरतात. किटला पाचातले चार, रिपोर्टला दोन, पुड्यांना शून्य. त्या सीलबंदच परत पाठवल्या होत्या, पण ‘पर्सनलाइज्ड प्रॉडक्ट’ परत घेत नाहीत म्हणून आल्या पावली माघारी आल्या.