दोमेन ताकाहिको: दाशीच्या वळणाची पिनो न्वार

ग्लासातला रंग बघूनच काही जण नाराज होतात. फिकट, कडेला किंचित विटकरी, पलीकडचं बोट दिसेल इतकी पारदर्शक. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या योइची गावची 'नाना-त्सु-मोरी पिनो न्वार' (पिनो न्वार हे काळं द्राक्ष) दाट लाल वाइनच्या मापाने मोजायचीच नाही. सुकत आलेला गुलाब, ओला पालापाचोळा, अळंबी असे वास आधी येतात. घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला दाशीची, म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाच्या जपानी सारासारखी, चव रेंगाळते. कोपनहेगनच्या 'नोमा' या रेस्तराँने २०१७ ची बाटली आपल्या यादीत घेतली ती याच चवीसाठी असावी, वजनासाठी नक्कीच नाही.

ताकाहिको सोगा यांनी २०१० मध्ये योइचीच्या नोबोरी भागातल्या जुन्या फळबागेत दोमेन ताकाहिको ही वायनरी काढली. नाना-त्सु म्हणजे सात, मोरी म्हणजे रान. इथे पूर्वी सात प्रकारची फळझाडं होती. आयती बाग मिळाली म्हणजे काम सोपं, असा समज मात्र करून घेऊ नये. सफरचंदाची जुनी मुळं जमिनीत राहिली तर पांढऱ्या बुरशीची मूळकूज नव्या वेलालाही धरते. वर्षानुवर्षं खत खाल्लेल्या मातीत वेल नुसता पाल्यावर जातो, घड सावलीत राहतात आणि पिकायचे थांबतात.

थंडीचा बंदोबस्त होक्काइदोत बर्फच करतो. वेल मुद्दाम तिरके लावतात, शरदात छाटणी करून काड्या तारेवरून सोडतात आणि खाली निजवतात. बर्फाच्या थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं. उघड्यावरच्या काडीचे डोळे, म्हणजे फुटायच्या कळ्या, मरतात. सरळ वाढवलेलं खोड जाड झालं की वाकवताना फाटतं, म्हणून हा तिरकेपणा पहिल्या दिवसापासून लागतो.

सोगा घड देठासकट टाकीत घालतात आणि आंबवण सालीवरच्या जंगली यीस्टवर सोडतात. देठ थोडा रंग शोषतात आणि पोटॅशियम सोडतात, त्यामुळे थंड हवेतल्या द्राक्षाची तीक्ष्ण आंबटाई नरमते. मात्र देठ कच्चे असले तर वाइन कडवट, हिरवट होते. ओल्या हंगामात घडांवर येणारी बोट्रायटिस बुरशीही इथे सरसकट शत्रू मानत नाहीत. 'ब्लां द न्वार' ही पांढरी वाइन तिने धरलेल्या पिनोचीच.

ठेवायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) जवळपास नसलेली ही बाटली उबेत राहिली तर तिला उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव लागते. जपानी लोक तिला 'मामे', म्हणजे शेंगदाणे-सोयाबीनच्या जातीची चव म्हणतात. नाकाला ती कळत नाही. वाइनच्या आम्लात ती दबून असते आणि लाळेने आम्ल कमी झालं की घोटानंतर दहा-वीस सेकंदांनी उमटते. त्यामुळे नुसता वास घेऊन 'ठीक आहे' म्हणू नका. साठवण १५ अंशांच्या खाली, पिणं १४ ते १६ वर. उघडल्यावर जीभ चुरचुरली तर तो उरलेला कार्बन डायऑक्साइड. वाइन काचेच्या भांड्यात ओतून फिरवली आणि अर्धा तास थांबलं की जातो. तळाचा गाळ हा दोष नाही, बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा.

विकत घेणं हे खरं दुखणं. वायनरीत पाहुण्यांसाठी विक्रीचा काउंटर नाही. बाटल्या ठरावीक दारूच्या दुकानांत आणि रेस्तराँत जातात, आणि पुनर्विक्रीत भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट होतो. त्या भावाला ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. त्यापेक्षा योइचीतल्या बाकीच्या छोट्या वायनऱ्या बघा. २०११ मध्ये गाव वाइनचं विशेष क्षेत्र झालं आणि परवान्यासाठी वर्षाला किमान उत्पादन ६ किलोलिटरऐवजी २ किलोलिटर, म्हणजे साधारण २,६६० बाटल्या, पुरे झाल्या. तेव्हापासून त्या वाढल्या. केर्नर आणि झ्वायगेल्ट या द्राक्षाच्या जाती इथे भरवशाने पिकतात.

गाडी घेऊन जाणार असाल तर चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही. जपानी कायद्यात प्यायलेल्या चालकाशेजारी जाणूनबुजून बसलेल्यालाही शिक्षा होते. जवळच्या ओतारू शहरातून रेल्वेने या, निक्काची व्हिस्की डिस्टिलरी स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. बागांकडे जायला टॅक्सी करा.