टसरची रजई : इंदूरचे तीन ऋतू वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात टसर (एका प्रकारचं रेशीम) भरलेली, दीड किलोची डबल बेडची रजई घेतली. आता उन्हाळाही सरत आला, म्हणून लिहिते.

इंदुरात रजईची खरी परीक्षा जानेवारीत होत नाही. ती होते दिवाळीच्या आधी आणि होळीच्या सुमारास, जेव्हा निजताना पंखा लागतो आणि पहाटे गारठा झोंबतो. कापसाची रजई मध्यरात्री अंगावरून ढकलायची, पहाटे पुन्हा ओढायची, हे आमच्याकडे ठरलेलं. टसरखाली ते थांबलं. साध्या हवेत रेशीम आपल्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे अंग चिकट होत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जड रजई सोसवत नाही. ही त्यांनी मागूनच घेतली. कडाक्याच्या थंडीत मात्र वर एक सोलापुरी चादर लागलीच.

खोळीच्या कोपऱ्यातली चेन उघडून भराव नीट पाहिला. मधाच्या रंगाचे, बोटभर ओढले तरी न तुटणारे तंतू, थरावर थर. अर्जुन, ऐनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचं हे रेशीम, विदर्भ-छत्तीसगडात ज्याला कोसा म्हणतात तेच. मुळातच पिवळसर-तपकिरी असतं. टसर म्हणून पांढराशुभ्र भराव दाखवला, तर तो तुतीच्या रेशमाचा तरी असेल किंवा ब्लीच केलेला. पतंग भोक पाडून निघून गेला की त्या कोषाचा सलग धागा निघत नाही, पण भरावाला तो उत्तम. चार तंतू जाळून पाहिले : केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती.

तक्रार आहे ती शिवणीची. टाके इतके लांब घातले होते की दोन महिन्यांत भराव पायथ्याशी सरकला आणि वरचे कोपरे पोकळ झाले. विकणाऱ्याने दाद दिली नाही. शेवटी आईने भराव हाताने पसरून वीतभर अंतरावर सुती दोऱ्याने टाके घातले, तेव्हापासून जागचा हललेला नाही. कापसासारखे गठ्ठे होत नाहीत, पिंजायला द्यावं लागत नाही.

गच्चीवरच्या उन्हात गाद्या टाकायची आपली सवय इथे आवरायची. कडक उन्हाने रेशीम कमजोर होतं. सावलीत, वाऱ्यावर टाका. धुवायची फक्त खोळ. कसर रेशीमही खाते, म्हणून मी ठेवण्याआधी पूर्ण कोरडी करते आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. पावसाळ्यात किंचित वास येतो, हवेवर टाकली की जातो.

किंमत कापसाच्या कितीतरी पट. पैसे देण्याआधी खोळ उघडून दाखवायला सांगा आणि टाक्यांमधलं अंतर हाताने मोजा.